वीसपर्यंत म्हणा

खैरनार नानांकडे मशीन दाखवायला गेलं की आधी हात धुवावे लागत. मशीन उचलायचं त्यांनी, उघडायचं त्यांनी, आपण नुसतं स्टुलावर बसायचं, तरी हात धुवायचे. अंगणातल्या नळाला नायलॉनच्या जाळीत साबणाची वडी टांगलेली असे. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "नाना, मी कुठे हात लावणार आहे?" तर म्हणाले, "लावणार नाही म्हणणारेच लावतात, बाई." मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं, पोरांना नखं दाखवा म्हणून दरडावलेलं. मुकाट्याने जाऊन धुतले.

आज त्यांच्याबद्दल लिहायला बसताना मी उगाचच उठून एकदा हात धुऊन आले. नाना गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्याबद्दल लिहायची मला लाज वाटते, आणि लिहायचं टाळत राहण्याची त्याहून जास्त वाटते, म्हणून लिहिते आहे.

नाना नाशिकला सातपूर कॉलनीत राहत. दोन खोल्या, पुढे अंगण. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये सगळी नोकरी झाली. केसाच्या जाडीचा फरक बोटाने ओळखायची सवय अंगात मुरलेली. निवृत्त झाल्यावर लोक देवळाच्या पारावर बसतात, नाना स्पूलच्या मशीनपुढे बसले. स्पूल म्हणजे कॅसेटच्याही आधीची टेप, दोन उघड्या चकऱ्यांवरून फिरणारी. अंगात कारखान्याचाच जुना खाकी शर्ट, खिशात दोन चष्मे, एक माणसांसाठी आणि एक मशीनसाठी. चहा अंगणात, बशीतून. मशीनच्या खोलीत चहा नेला म्हणून त्यांनी एका मोठ्या डॉक्टरला कपासकट बाहेर काढल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय.

मूळचे सटाण्याकडचे. माणसांशी ते नीट, पुस्तकाला शोभेल असं मराठी बोलत. अहिराणी फक्त मशीनशी. झाकण उघडलं की वाकून विचारायचे, "काय व्हयनं तुले?" आणि ते आता सांगेल म्हणून थोडा वेळ थांबायचे. मला आधी हसू यायचं. नंतर मीही थांबायला लागले.

त्यांच्याकडे मी पोचले ती वडिलांच्या टेपांमुळे. आमचे आप्पा रेडिओवरचं गाणं स्पूलवर उतरवून ठेवायचे. त्यांच्या मागे पत्र्याच्या पेटीत तीसेक स्पूल निघाले, पण मशीन आईने कधीच भंगारात घातलं होतं. नोकरी संपल्यावर मला त्या टेपा ऐकायची हुक्की आली. रविवार कारंजा चौकातल्या एका रेडिओवाल्याने नाव सांगितलं. वर म्हणाला, "पण मॅडम, ते भांडतात." म्हटलं, "मग जमेल आमचं."

मशीन कुठलं घ्यावं हे विचारायला गेले तर नानांनी मलाच प्रश्न विचारले. टेपा कुठल्या वेगाच्या, किती इंचांच्या, खोली केवढी, शेजारी कोण. मग म्हणाले, "पिंपळगावला एकाकडे दोन मशीनं पडून आहेत. बघायला जाऊ. तुम्ही बोलायचं नाही."

पिंपळगाव बसवंतला तो द्राक्षांचा व्यापारी. त्याच्या मामाची मशीनं पॅकहाउसच्या कोपऱ्यात, रिकाम्या खोक्यांच्या मागे. एक असं देखणं की माझा जीवच अडकला. चंदेरी तोंड, मोठमोठ्या चकऱ्या, काचेमागे सुया. दुसरं मळकट, एका बटणाचं टोपण उडालेलं. नानांनी वायरसुद्धा लावली नाही. मशीनचा चष्मा चढवला, रबराच्या चाकावर नख दाबून पाहिलं, मागच्या जाळीला नाक लावून वास घेतला, आतलं जड चाक एका बोटाने फिरवलं आणि ते किती वेळ फिरतं ते बघत राहिले. मग मळकटावर हात ठेवला, "हे."

बोलायचं नाही हे मी विसरले. "अहो नाना, पण ते दुसरं केवढं छान आहे दिसायला."

"बाई, आपण स्थळ बघायला आलोय का?"

व्यापारी खो खो हसला. मीही हसले, पण तोंड थोडं उतरलंच. परतीच्या बसमध्ये नानांनी मशीनला खिडकीजवळच्या सीटवर बसवलं आणि स्वतः त्याला धरून नाशिकपर्यंत उभे राहिले. पंच्याहत्तरीचा माणूस. कंडक्टरने विचारलं, "हे कोण?" नाना म्हणाले, "पेशंट."

त्या मशीनवर नानांनी चार महिन्यांचे रविवार घातले. पट्टा जुन्या मुंबईतून कुठूनसा मागवला, एक दांडी स्वतः घासून केली. आणि सगळं जुळल्यावर खोलीच्या कपाटातून एक लहानसा स्पूल काढला. पुठ्ठ्याच्या खोक्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, 'मोजणी'.

मशीन तपासायची त्यांची ही पद्धत साऱ्या नाशिकात दुसऱ्या कोणाची नसेल. लोक मोजमापाची यंत्रं लावतात. नाना बायकोचा आवाज लावत.

तरुणपणी पहिलं मशीन घरी आणलं तेव्हा त्यांनी सुशीलाबाईंना माइकपुढे बसवलं होतं आणि एक ते वीस म्हणायला सांगितलं होतं. सुशीलाबाई सटाण्याकडच्याच, घरात दोघांचीही अहिराणी. पण मशीनसमोर बोलायचं म्हणजे शाळेत बोलल्यासारखं बोलायला हवं असं दोघांनाही वाटलं. म्हणून त्या अगदी शुद्ध, सावकाश म्हणत जातात, एक, दोन, तीन. चौदावर स्वयंपाकघरात वाटी पडते, फरशीवर थरथरत गोल फिरते. त्या थांबत नाहीत. सतरावर मात्र कंटाळतात आणि घरची भाषा तोंडून निसटते, "पुरं का आते?" आणि लांबून नानांचा तरुण आवाज येतो, मशीनपुढे आहोत या भानाने सख्ख्या बायकोला अहोजाहो करत, "वीसपर्यंत म्हणा." मग एक खुदकन हसू. अठरा, एकोणीस, वीस.

"त्यावरून मला जन्मभर चिडवलं," नाना म्हणाले. "भाजी वाढताना सुद्धा. अजून घ्या, वीसपर्यंत घ्या." सुशीलाबाई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. फोटो भिंतीवर होता, पण नाना त्याच्याकडे बघताना मला कधी दिसले नाहीत. मशीनचा वेग बरोबर आहे का ते त्यांना तिच्या आवाजावरून कळे. "मंडळी घाईत वाटली तर मशीन पळतंय. दमलेली वाटली तर रेंगाळतंय. वाटी कशी वाजते त्यावरून वरचे सूर." ऐकताना ते खुर्ची भिंतीकडे फिरवून बसत, मलाही तसंच बसवत. मशीनकडे बघत ऐकलं की डोळे मधे बोलतात म्हणे.

मग आप्पांची पहिली टेप लावली. गाण्याच्या आधी आप्पा खोकले. फक्त खोकले. मी भिंतीकडे तोंड करून रडले आणि नाना अंगणात जाऊन नळाची जाळी नीट करत बसले.

निघताना त्यांनी एकच अट घातली. "एक वर्ष हेच ऐका. वर्षभरात कान बदलतो. मग मशीन बदलायचं का ते दोघं मिळून बघू." मी म्हटलं, "बदलतेय कशाला?"

अजून एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. नांदगावच्या एका गृहस्थांच्या लग्नाची टेप नानांकडे जोडायला आली होती. जोडताना नानांच्या कात्रीने वीतभर टेप वाया गेली. वाजंत्री चालू होती तिथलीच, कोणाला कळलंही नसतं. नाना दुसऱ्या दिवशी एसटीने नांदगावला गेले, त्यांच्या दारात उभं राहून सांगून आले. मी म्हटलं, "काहीतरीच तुमचं नाना. त्यांना कधी कळणार होतं?" ते रबराचं चाक पुसत होते. म्हणाले, "मला कळलं होतं ना." पुन्हा चाक पुसायला लागले. मला ते तेव्हा जरा जास्तच वाटलं. गांधीबाबा, असं मनातल्या मनात म्हणालेही.

वर्ष काही मी काढलं नाही. मोबाइलवर अशा शौकीन लोकांचा एक ग्रुप असतो, त्यात शिरले आणि बिघडले. तिथे जो तो सांगे, घरगुती मशीन चार ट्रॅकचं, खरं ऐकायचं तर दोन ट्रॅकचं. हे समजायला सोपं आहे. वहीत एक ओळ सोडून लिहायचं, पान संपलं की वही उलटी धरून मधल्या रिकाम्या ओळींत लिहायचं, म्हणजे एका पानात दोनदा मावतं. ते चार ट्रॅक. टेपच्या दोन्ही बाजू अशाच नांदतात. दोन ट्रॅकचं मशीन ठळक अक्षरात दोन-दोन ओळी व्यापून लिहितं, म्हणून आवाज भरदार. पण मग उलट्या बाजूला जागाच उरत नाही, आणि लिहिण्याआधी ते सबंध पान खोडून घेतं. हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवू शकले असते. मुद्दाम सांगते आहे, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

सातव्या महिन्यात मी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून दोन ट्रॅकचं मशीन आणलं. चंदेरी तोंडाचं. ते आतल्या खोलीत ठेवलं आणि वर चादर टाकली. माझ्या घरात, गंगापूर रोडला, एकटी राहणारी मी, कोणापासून लपवत होते? नाना महिन्यातून एकदा मशीन बघायला यायचे, त्यांच्यापासून. चार महिन्यांचे रविवार त्यांनी घातले आणि मला ते पुरलं नाही हे त्यांच्या तोंडावर सांगायची छाती नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यांनी येणं बंद करू नये, हेही होतं.

नवीन मशीनवर गाणं किंचित चढं वाटायला लागलं. वेग चुकत असावा. आता विचारणार कोणाला? मी नानांकडे गेले आणि चक्क सांगितलं की तुम्ही केलेल्या मशीनचा वेग बिघडलाय.

त्यांचा चेहरा पडला. गुडघा सुजला होता, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. "माझंच काहीतरी राहिलं असेल," म्हणाले. "मला येता येत नाही बाई. थांबा." लंगडत कपाटापर्यंत गेले आणि मोजणीची टेप काढून माझ्या हातात दिली. ती टेप त्या घराच्या उंबऱ्याबाहेर कधी गेली नव्हती. "हिच्यावर ऐका. घाई वाटली तर सांगा मला. मागची बाजू कोरी आहे, रेकॉर्डिंगचं बघायचं तर तिकडे दोन मिनिटं करून बघा. पुढच्या बाजूला मात्र नाही."

घरी आले, चादर काढली, टेप लावली. सुशीलाबाई घाईतच होत्या. मागचा स्क्रू थोडा थोडा फिरवत त्यांना मी शांत केलं, वाटी नीट वाजेपर्यंत. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू. त्याच भरात टेप शेवटपर्यंत नेऊन उलटी केली आणि रेडिओवरची सतार त्यावर उतरवायला घेतली. मागची बाजू कोरी आहे, नानांनीच सांगितलंय. जुन्या मशीनवर मी हे पन्नासदा केलेलं, हात आपोआप गेला. सतार अशी काही उतरत होती की दोन मिनिटं कुठली आणि काय, मी सहा मिनिटांची सगळी टेप संपू दिली. दोन मिनिटांत थांबले असते तरी आवाज वाचला असता, मोजणी टेपच्या दुसऱ्या टोकाला होती.

मग पुढची बाजू लावली. एक नाही, दोन नाही. सतार उलटी वाजत होती.

मी भिंतीकडे तोंड करून नाही, मशीनकडेच बघत बसले होते. कशाने काय झालं हे कळायला मला एक क्षण लागला नाही, तीच तर पंचाईत. ज्या माणसाने मला बापाचा खोकला परत आणून दिला, त्याच्या बायकोचा आवाज मी सहा मिनिटांत पुसला होता.

दोनदा त्यांचा फोन आला. "ऐकली का टेप?" मी म्हटलं, "अजून नाही नाना, पाहुणे आहेत." पाहुणे कसले, घरात चिटपाखरू नव्हतं. तिसऱ्या दिवशी कळलं की गुडघ्यासाठी नाना सकाळीच दवाखान्यात जाणार आहेत. त्या वेळेला बरोबर मी सातपूरला गेले. टेप पिशवीत घालून त्यांच्या दाराच्या कडीला अडकवली. खोक्यात चिठ्ठी ठेवली, 'नाना, वेग बरोबर निघाला. माझाच भास होता. आभार.' माझं अक्षर चांगलं आहे. फळ्यावर लिहून लिहून झालेलं.

नानांना कळणार हे मला पक्कं ठाऊक होतं. उलटी सतार ऐकून कुठल्या मशीनने हे केलं हेसुद्धा त्यांना कळणार होतं. मला फक्त ते माझ्यासमोर कळायला नको होतं. वर्गात फुटलेली परीक्षानळी कपाटामागे सरकवणारी पोरं मी पकडली आहेत, सगळ्यांसमोर उभी केली आहेत. कबूल करायला काय जातं रे, असं विचारलं आहे.

दोन महिने मी सातपूरकडे जाणाऱ्या त्र्यंबक रोडने गेले नाही. भाजीसुद्धा दुसरीकडून. नानांचा फोन आला नाही. रागावून चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं असं वाटायचं, आणि फोन वाजला की तो उशीखाली सारायचे. शेवटी एका सकाळी मनाशी वाक्य पाठ केलं, 'नाना, ती टेप माझ्या हातून गेली आणि मी खोटं बोलले', आणि स्कूटर काढली.

नाना दारातच होते. "या बाई. हात धुवा."

धुतले. आत टेबलावर एक मशीन उघडं, समोर माइक, आणि माइकशेजारी एक स्टीलची वाटी. मोजणीचं खोकं बाजूला, झाकण काढलेलं. आत माझी चिठ्ठी तशीच होती.

"बरं झालं आलात," नाना म्हणाले. "मोजणीची टेप खराब झाली. जुनी होती, आवाज उडाला. मी स्वतः म्हणून पाहिलं, पण माझ्या घोगऱ्या आवाजावरून काही कळत नाही. बाईमाणसाचा आवाज पाहिजे. बसा इथे."

वाक्य तोंडाशी होतं. मी खोक्याकडे बघितलं, त्यांनी मी खोक्याकडे बघितलेलं बघितलं, आणि बटण दाबलं. चकऱ्या फिरायला लागल्या. आता बोलले असते तर ते टेपवर गेलं असतं. मी म्हणायला लागले, एक, दोन, तीन. शिकवल्यासारखं, स्वच्छ. चौदावर नानांनी वाटी हातातून सोडली. ती फरशीवर गोल गोल फिरत थांबली. पंधरा. सोळा. सतरा.

पुढचं येईना. टेप कोरीच फिरत होती. सतराच्या पुढे काय असायला हवं होतं ते त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. नाना माझ्याकडे बघत नव्हते, सुईकडे बघत होते. हळूच म्हणाले, "वीसपर्यंत म्हणा."

अठरा, एकोणीस, वीस. म्हटले.

फाटकापर्यंत ते सोडायला आले, गुडघ्यावर हात ठेवत. मी हेल्मेट घालत होते. ते फाटकाची कडी वरखाली करत म्हणाले, "बाई, ते नवीन मशीन दोन ट्रॅकचं आहे ना? त्याच्यावर मागची बाजू कधी वापरू नका. सगळं पुसतं ते."

मी "हो" म्हणाले. पाठ केलेल्या वाक्यातला एक शब्दही नाही, नुसतं "हो". नाना मान हलवून वळले. नळापाशी थांबून त्यांनी हात धुतले, शर्टाला पुसले आणि आत गेले. नाना मला दिसले ते तेव्हा शेवटचे. आतून माझा आवाज सुरू झाला, एक, दोन, तीन. सतरा यायच्या आत मी गाडी सुरू केली.